आखाडा, रान आणि पऱ्हाटी

मेळघाटात सहलीला येणाऱ्या मुलांकडून, आणि पुष्कळदा त्यांच्याबरोबर आलेल्या थोरांकडूनही, वाटाड्याला एक प्रश्न हमखास विचारला जातो : वाघ आणि रानगवा समोरासमोर आले तर जिंकेल कोण? वाटाड्याने काहीही उत्तर दिले तरी प्रश्न तिथे थांबत नाही. वाघ जिंकणार असेल तर वाघ आणि सिंह यांच्यात कोण, सिंह जिंकणार असेल तर सिंह आणि हत्ती यांच्यात कोण, असे करीत करीत तो शेवटी पृथ्वीवरच्या सगळ्या प्राण्यांना एका रिंगणात उतरवतो आणि अखेरीस पायांवर उभा राहणारा एकटा कोण, एवढेच जाणून घेऊ पाहतो. हा प्रश्न पोरवयाचा म्हणून सोडून देण्याची रीत आहे. परंतु तो खटकत राहतो, कारण त्याच्या पोटात दडलेली समजूत पोरवयाबरोबर संपत नाही. निसर्ग म्हणजे एक मोठी झुंज, त्या झुंजीत बलवान तेवढा उरतो आणि जो उरला तो बलवान असलाच पाहिजे, ही समजूत मोठेपणी बाजारपेठेला, राजकारणाला आणि वऱ्हाडात तर शेतीलाही लावली जाते. कोरडवाहू शेतकरी बुडाला की तो स्पर्धेत टिकला नाही, असे सहज बोलले जाते. म्हणून मूळ प्रश्नच एकदा तपासून पाहिला पाहिजे.

त्याची नेहमीची उत्तरे वाचकाला ठाऊक आहेत. जमिनीवर वजनाने हत्तीची बरोबरी कोणी करीत नाही, निळ्या देवमाशाएवढा मोठा प्राणी दुसरा ज्ञात नाही, मांजरकुळात वाघ सर्वांत मोठा, आणि माणसांचे बळीच मोजायचे तर डासाच्या जवळपास कोणताही हिंस्र पशू येत नाही. जबड्याची पकड, नख्यांची लांबी आणि धावण्याचा वेग यांचे तक्तेही हवे तेवढे मिळतात. ही माहिती खरी असली तरी तिच्यातून उत्तर निघत नाही, कारण तक्ता प्राण्यांची मापे देतो आणि ते प्राणी मुळात कशासाठी भिडतील याविषयी गप्प राहतो.

भिडण्याच्या कारणाकडे पाहिले की एक भेद स्पष्ट होतो, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ तो न पाळल्यामुळे झालेला आहे. हा भेद झुंज आणि शिकार यांच्यातला. झुंजीत दोन्ही बाजूंना एकच गोष्ट हवी असते आणि ती एकालाच मिळण्यासारखी असते. शिकारीत एकाला अन्न हवे असते आणि दुसऱ्याला जीव वाचवायचा असतो. माजावर आलेले दोन नर गवे एकमेकांसमोर येतात तेव्हा ते लगेच शिंगे भिडवीत नाहीत; ते एकमेकांना आडवे उभे राहतात, पाठीचा उंचवटा आणि शरीराचा पसारा दिसेल अशा बेताने सावकाश पावले टाकतात, आणि बहुतेक वेळा त्यांतला एक दुसऱ्याचा अंदाज घेऊन बाजूला होतो. सांबरांचे नर शिंगे अडकवून रेटारेटी करतात, वाघ हद्दीसाठी वाघाशी भांडतो, वानरांच्या टोळीचा हुप्या बाहेरून आलेल्या नराशी झटतो. या सगळ्या खऱ्या झुंजी आहेत, आणि त्या जवळजवळ नेहमी एकाच जातीच्या प्राण्यांत होतात, कारण एकच मादी, एकच हद्द किंवा एकच कळप हवा असणारे दोघे एकाच जातीचे असतात. वाघ आणि गवा यांना अशी सामाईक हवी असलेली वस्तू जगात कुठलीही नाही. वाघाला गवा हवा असतो. गव्याला वाघाकडून काहीच नको असते.

म्हणून शिकारीत जय आणि पराजय या शब्दांचा अर्थच दोन्ही बाजूंना निरनिराळा होतो. जॉर्ज शेलर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात कान्हाच्या जंगलात वाघ आणि हरणे यांचा अभ्यास केला. त्याच्या अंदाजाप्रमाणे वाघाचे वीस किंवा त्याहून अधिक प्रयत्न फुकट जातात तेव्हा कुठे एक शिकार हाती लागते. एवढ्या वेळा हात हलवीत परतणाऱ्या प्राण्याला आखाड्याच्या हिशेबात कोणी अजिंक्य म्हणणार नाही, पण वाघाच्या दृष्टीने त्या परतण्यात पराभव असा काही नसतोच. वारा बदलला, सांबराने कान टवकारून मान वर केली आणि खणखणीत इशारा दिला, की दबकत आलेला वाघ पुष्कळदा उठून सरळ चालू लागतो. आपण दिसलो आहोत हे कळल्यावर रेटून धावण्यात त्याला फायदा नसतो. रिचर्ड डॉकिन्स आणि जॉन क्रेब्स यांनी १९७९मध्ये या विषमतेला ‘जीव आणि जेवण’ यांचे तत्त्व असे रूप दिले. पाठलाग करणारा हरला तर एक जेवण गमावतो आणि पळणारा हरला तर जीव गमावतो, त्यामुळे दोघांवर पडणारा उत्क्रांतीचा दाब सारखा राहत नाही.

मात्र शिकाऱ्याला फक्त जेवणच गमवावे लागते असेही नाही. जिम कॉर्बेट यांनी मुक्तेश्वरच्या ज्या नरभक्षक वाघिणीची हकीकत लिहून ठेवली आहे, तिची गाठ एका साळिंदराशी पडली होती. त्या गाठीत तिचा एक डोळा गेला आणि पुढच्या पायात पन्नासेक काटे रुतले. काही काटे हाडावर आपटून उलटे वळून मांसात घुसले होते. त्या जखमा चिघळल्या, नेहमीची शिकार तिला जमेनाशी झाली आणि ती माणसांकडे वळली. साळिंदर हा काही किलोंचा, मुळे आणि कंद उकरून खाणारा प्राणी. त्याने वाघिणीवर मात केली असे कोणी म्हणत नाही, आणि तसे म्हणणे बरोबरही होणार नाही. पण जिथे जायबंदी होणे म्हणजे पुढे उपाशी मरणे असते, तिथे कोणताही शहाणा शिकारी बरोबरीची लढत अंगावर ओढवून घेत नाही, हे त्या काट्यांवरून कळते. पूर्ण वाढलेला नर गवा हजार किलोंच्या आसपास भरतो आणि मोठा नर वाघ दोनशे किलोंच्या थोडा पुढेमागे. असा गवाही वाघ मारतो, हे भारतातल्या जंगलांत पुरेसे नोंदले गेले आहे. पण तो मागून किंवा बाजूने, गाफील क्षणी येतो, गळ्याची पकड शिंगांच्या आवाक्याबाहेरून घेतो, आणि निवड असेल तर वासराकडे किंवा कळपापासून सुटलेल्या जनावराकडे वळतो. शिंगे रोखून उभ्या असलेल्या गव्यासमोर तो सहसा उभा राहत नाही. तेव्हा ‘समोरासमोर आले तर’ ही अटच वाघाच्या स्वभावातून वाघपण काढून टाकणारी आहे.

अस्वलाचे उदाहरणही इथे बोलके आहे. मोहाची फुले, बोरे आणि वाळवी यांवर जगणाऱ्या या प्राण्याला मेळघाटातली माणसे वाघापेक्षा जास्त भितात, आणि ती भीती अनुभवातून आलेली आहे. अस्वलाला हरणासारखे पळता येत नाही, आणि ज्या वाघाबिबट्यांच्या सोबतीने ते पिढ्यान्‌पिढ्या राहत आले त्यांना चुकवायचे तर अंगावर धावून जाण्याखेरीज दुसरा मार्ग त्याच्यापाशी नव्हता. त्याचा आक्रमकपणा भित्र्याचा बचाव आहे. याउलट कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा, एकटा पंधरा किलोंचा जेमतेम प्राणी; परंतु कळप जमला की बिबट्या झाड गाठतो आणि वाघही प्रसंगी मारलेली शिकार सोडून बाजूला होतो. आता तक्त्यात कोळसुंद्याचे वजन किती लिहावे? एकट्याचे लिहिले तर ते खोटे ठरते, आणि कळपाचे लिहायचे तर कळप किती मोठा धरायचा हे आधी ठरवावे लागते.

मग रिंगणात उभे केलेले दोन जीव ही कल्पना आली कुठून? ती माणसाकडून आली आहे आणि माणसाच्या जगात ती उदात्तही ठरली आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ची. या संस्थेच्या चमूने १९३६च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके जगापुढे केली. आखाडा ही काय वस्तू आहे हे अशा गावाला समजावून सांगावे लागत नाही. तिथे जोड लावली जाते, वजन पाहिले जाते, माती भुसभुशीत केलेली असते, पंच असतो, पाठ टेकली की डाव संपतो आणि हरलेला मल्ल घरी जाऊन पुढच्या कुस्तीची तयारी करू शकतो. या प्रत्येक गोष्टीमागे माणसाने केलेला करार आहे. त्याच करारात जनावरे ओढली गेली तेव्हा कोल्हापूर आणि बडोद्याच्या संस्थानांत साठमारी झाली, हत्तीला माज आणून मैदानात सोडले गेले, आणि तिथे जे दिसले ते हत्तीचा स्वभाव म्हणून सांगितले गेले. प्राण्यांना झुंजवणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरवला आहे. पण मनातल्या आखाड्याला कायदा लागू होत नाही. चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत टाकल्याची जी कथा चिकटलेली आहे, त्या कथेतही दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसतात : भीम अंधारात द्रौपदीच्या जागी दबा धरून थांबतो, म्हणजे शिकारी होतो, आणि कीचक जवळ आल्यावर बाहुयुद्ध सुरू होते, म्हणजे झुंज होते. कथा सांगणाऱ्यांनी बाहुयुद्धाचाच भाग रंगवीत नेला, कारण प्रेक्षकाला जोड आवडते.

निसर्गाला आखाड्याचे रूप देणाऱ्यांत सर्वांत वजनदार नाव टी. एच. हक्सले यांचे. डार्विनचा हा खंदा कैवारी १८८८मध्ये जीवनसंघर्षावर लिहिलेल्या निबंधात म्हणतो की नीतीच्या दृष्टीने पाहिले तर प्राणिसृष्टी ही रोमन ग्लॅडिएटरांच्या खेळासारखी आहे : तगडे, चपळ आणि धूर्त तेवढे दुसऱ्या दिवशी पुन्हा लढायला उरतात, आणि कोणाला जीवदान मिळतच नसल्यामुळे प्रेक्षकाला अंगठा खाली करण्याचीही गरज पडत नाही. हक्सले यांचा हेतू चांगला होता हे आधी मान्य केले पाहिजे. निसर्गात जे घडते त्यावरून माणसाने कसे वागावे हे ठरवू नये, समाजाचे कामच मुळी त्या संघर्षाला आवर घालण्याचे आहे, असे त्यांना सांगायचे होते, आणि बळी तो कान पिळी या न्यायाला शास्त्राचा शेला पांघरणाऱ्यांच्या तुलनेत ते कितीतरी अधिक जबाबदारीने बोलत होते. परंतु उपमा चुकली की हेतू तिला वाचवू शकत नाही. रोमन रिंगणाला भिंत होती. आतल्या प्राण्याला निघून जाण्याची मुभा नव्हती. रानात मात्र निघून जाणे हाच सर्वांत जास्त वापरला जाणारा डाव आहे. रिंगणातले प्राणी उपाशी ठेवलेले आणि दूरदेशाहून आणून जोडी लावलेले असत. रानातल्या प्राण्यांची एकमेकांशी ओळख हजारो पिढ्यांची असते आणि कोणाच्या वाटेला जायचे नाही हे त्यांच्या अंगात मुरलेले असते. आणि मुख्य म्हणजे रिंगणाबाहेर प्रेक्षक होते, त्यांच्यासाठी ते सारे मांडलेले होते. हक्सले यांना उत्तर म्हणून रशियन विचारवंत क्रोपोत्किन यांनी पुढे प्राण्यांमधल्या परस्परसाहाय्यावर लेख लिहिले, त्यांचे पुस्तक १९०२मध्ये निघाले, आणि त्यातली निरीक्षणे आजही वाचण्याजोगी आहेत. पण त्यांनीही संघर्षाच्या जागी सहकार्य ठेवले आणि आखाड्याच्या भिंतीविषयी मात्र विचारले नाही.

अजिंक्य प्राण्याच्या कल्पनेला अंत का नसतो हे वऱ्हाडात एका दगडावर कोरून ठेवलेले आहे, आणि ते थोडे आडवळणाचे असले तरी इथे पाहण्यासारखे आहे. गाविलगडाच्या दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी आणि हत्तींना पायाखाली घेतलेले शार्दूल कोरलेले आहेत. वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतेहउल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला, आणि गंडभेरुंड हे विजयनगरचे चिन्ह. त्यामुळे सातपुड्याच्या कड्यावर हा दक्षिणेचा पक्षी आला असे मानले जाते. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांवर अशी शिल्पे आढळतात आणि त्यांचा अर्थ सरळ आहे : हत्ती सर्वांत बलाढ्य, म्हणून त्याला दाबणारा सिंह मोठा. पण पुराणकथांनी इथे थांबायला नकार दिला. हिरण्यकशिपूला फाडणारा नरसिंह आवरेनासा झाला म्हणून त्याला शांत करायला शिवाने शरभाचे रूप घेतले, असे शैव परंपरा सांगते. त्या शरभालाही भारी ठरणारा गंडभेरुंड विष्णूने धारण केला, असे वैष्णव परंपरा सांगते. प्रत्येक अजिंक्यामागे त्याला जिंकणारा दुसरा उभा करावा लागतो आणि ज्याची भक्ती जिथे असेल तिथे त्याची यादी थांबते. या साखळीत कोणताही प्राणी स्वतःहून लढत नाही. त्याच्यामागे एक पंथ किंवा एक राजवट असते. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला तेव्हा मुख्य मारा उत्तरेकडच्या लाबाड्याच्या बाजूने झाला, आतल्या तटाला शिड्या लागल्या आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. शार्दूल आपल्या दरवाज्यावर होता तसाच राहिला. तो आजही तिथे आहे.

इथवर आल्यावर असे म्हणून थांबता आले असते की प्रश्नच निरर्थक आहे, निसर्गात आखाडा नाही आणि म्हणून विजेताही नाही. विचार पुष्कळदा इथेच विसावतो. पण वऱ्हाडात एक जागा अशी आहे जिथे हे उत्तर टिकत नाही, आणि ती जागा म्हणजे शेताचा बांध. सातपुड्याच्या पायथ्याला चांदूर बाजार, अचलपूर, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात पीक हाताशी आले की शेतकरी रात्री जागलीला जातो. एकच हरभऱ्याचे किंवा ज्वारीचे रान रोह्यालाही, म्हणजे नीलगायीलाही, हवे असते, रानडुकरालाही हवे असते आणि शेतकऱ्यालाही. म्हणजे वर झुंजीची जी व्याख्या केली ती इथे भिन्न जातींच्या प्राण्यांनाही तंतोतंत लागू पडते. मचाणावरचा माणूस डबा वाजवतो, फटाके फोडतो, बॅटरीचा झोत फिरवतो. रोह्यांचा कळप एका बांधावरून उठून दुसऱ्या बांधावर जातो आणि झोत फिरला की परत येतो. सकाळी पंचनामा, नुकसानभरपाईचा अर्ज, आणि संध्याकाळी पुन्हा जागल. काही ठिकाणी कुंपणात थेट वीज सोडली जाते, जी बेकायदेशीर आहे, आणि डुकरासाठी सोडलेल्या अशा तारेला विदर्भात वाघही चिकटून मेले आहेत. ज्या प्राण्याला प्रश्नकर्त्याने विजेता ठरवले होते तो ज्या लढाईत मेला ती त्याची नव्हतीच. तो फक्त त्या वाटेने चालला होता.

म्हणजे अखेर माणूसच जिंकतो असे कोणी म्हणेल, आणि वीज, बंदूक, कुंपण यांचा हिशेब धरला तर ते खरे वाटते. पण याच रानात, रोह्याने न खाल्लेल्या पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, माणसाचा पराभव करणारा प्राणी बसलेला आहे. गुलाबी बोंडअळीचा पतंग करड्या-तपकिरी रंगाचा, बोटाच्या पेराहूनही लहान असतो आणि रात्री उडतो. तिची अळी अंड्यातून निघाली की पात्यात किंवा फुलात शिरते. आतून ती पाकळ्या धाग्यांनी अशा जखडते की फूल उमलूच शकत नाही, गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहते, आणि शेतकरी त्याला डोमकळी म्हणतात. पुढे ती बोंडात शिरते. बोंड वाढत असल्यामुळे शिरण्याचे छिद्र बुजून जाते आणि बाहेरून ते हिरवेगार, टणक, निरोगी दिसते. आत सेंटिमीटरभर लांबीची अळी सरकी खात बसलेली असते. बोंड फुटायच्या वेळी अर्धे फुटते, कापूस पिवळा पडून कवडी होतो आणि वेचणाऱ्या बाईचा दिवस वाया जातो. फवारा बोंडाच्या सालीवर पडतो, अळी सालीच्या आत असते.

या आणि इतर बोंडअळ्यांविरुद्ध मार्च २००२मध्ये बीटी कापूस आला. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक कपाशीच्या झाडात घातलेले असते, त्यामुळे झाड स्वतःच अळीला मारणारे प्रथिन तयार करते. २००६मध्ये दोन जनुके असलेले बीजी-२ वाण आले. काही वर्षे फवारण्या खरोखरच कमी झाल्या. २००९-१०च्या सुमारास गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी बोंडअळी सापडली, पुढे दोन्ही जनुके पचवणारीही सापडली, आणि २०१७च्या हंगामात विदर्भातली पऱ्हाटी तिने फस्त केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळीने यासाठी काय केले? काहीच केले नाही. कोट्यवधी अळ्यांत काही थोड्या अशा असतात की विष त्यांना मारत नाही. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आपसांत त्यांचे मीलन झाले आणि पुढची पिढी त्यांच्यासारखी निघाली. हे घडू नये म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे १२० ग्रॅम बियाणे दिले जाई. ते आश्रय पीक म्हणून कडेने पेरावे, त्यावर साध्या अळ्या जगाव्यात, आणि त्यांच्याशी संकर होऊन प्रतिकारशक्ती पातळ होत जावी, असा त्यामागचा विचार होता. शत्रूला हरवायचे तर त्याच्यातल्या दुबळ्यांना आपल्याच रानात पोसायचे, ही कल्पना ज्या मनात आखाडाच बसलेला आहे त्या मनाला पटणे कठीण गेले. शिवाय आधीच तोट्यात असलेल्या शेतकऱ्याने अळीसाठी ओळी सोडाव्यात अशी अपेक्षा होती, आणि त्या ओळींची किंमत त्याला देणारे कोणी नव्हते. बहुतेकांनी ते पाकीट पेरले नाही.

या उदाहरणामुळे आधीचे उत्तर बदलावे लागते. निसर्गात विजेता नसतो हे विधान रानाबद्दल खरे आहे. पण जिथे भिंत बांधलेली असते तिथे विजेता असतो, आणि तो कोण होणार हे भिंत बांधणाऱ्याच्या कृतीतून ठरते. बोंडअळी ही कपाशीखेरीज फारशा कशावर न जगणारी कीड आहे. पूर्वी पऱ्हाटीत तुरीचे तास असत, ज्वारी, मूग, उडीद शेजारी असत, देशी वाण लवकर संपत. अळीला वर्षातला मोठा काळ अन्नाविना काढावा लागे. तिच्यासाठी लाखो हेक्टरांचे सलग, लांब मुदतीच्या संकरित वाणांचे, सहा-सात महिने चालणारे रिंगण माणसाने आखून दिले. ती त्यात बलवान झाली म्हणून जिंकली नाही, तिच्याच मापाचे मैदान होते म्हणून जिंकली. त्याच पऱ्हाटीत तिची अंडी खाऊन वाढणारी ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातली, मिलिमीटरहूनही लहान माशी असते, आणि अंधाधुंद फवारणीत ती आधी मरते.

वाघाकडेही आता वेगळ्या नजरेने पाहावे लागते. चार्ल्स एल्टन यांनी १९२७मध्ये संख्येच्या मनोऱ्याची कल्पना मांडली : तळाशी असंख्य वनस्पती, त्यावर थोडे तृणभक्षक, आणि टोकाला अगदी मोजके मांसभक्षक. एका वाघाला वर्षाला पन्नासच्या आसपास मोठी जनावरे लागतात, आणि तेवढी दरवर्षी निघत राहायची तर सुमारे पाचशे जनावरे रानात कायम असावी लागतात, आणि त्या पाचशेंना गवत. म्हणून सर्वांना मारू शकणारा प्राणी सर्वांवर अवलंबून राहतो. १९७३-७४मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला, तेव्हा वाघासाठी एक रिंगण आखले गेले. त्याला भिंत नाही पण हद्द आहे. ते आखणे आवश्यक होते, आणि त्यामुळेच आज मेळघाटात वाघ आहे. पण या शतकाच्या सुरुवातीपासून त्या रिंगणाच्या गाभ्यातून ज्या कोरकू गावांना उठून अकोटकडच्या सपाटीवर यावे लागले, त्यांनी त्याची किंमत घरे, मोहाची झाडे आणि देवस्थाने सोडून दिली. वाघाला कुलामामा म्हणणाऱ्या लोकांना त्याच्याशी झुंजायचे नव्हते आणि ते झुंजलेही नव्हते.

म्हणून ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाच्या आधी ‘रिंगण कोणी आखले आणि त्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडला’ हा प्रश्न विचारला पाहिजे, आणि वऱ्हाडात तो आज कपाशीच्या संदर्भात अगदी रोखठोक विचारता येतो. बोंडअळीवरचा सर्वांत खात्रीचा उपाय अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था अनेक वर्षे सांगत आल्या आहेत : फरदड घेऊ नये, म्हणजे मुख्य वेचण्या झाल्यावर शेवटच्या बोंडांच्या आशेने पऱ्हाटी उभी ठेवू नये, डिसेंबरअखेर ती उपटून टाकावी, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचू नयेत, आणि अळीला पुढचे काही महिने उपाशी राहू द्यावे. यात कोणतेही शस्त्र नाही, रिंगणच मोडून टाकायचे आहे. ज्याच्या विहिरीला गोडे पाणी आहे तो पऱ्हाटी उपटून हरभरा किंवा गहू घेतो आणि त्याचे फारसे अडत नाही. पण अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे, ते ओलिताला दिले तर जमीनच बिघडते, आणि तिथल्या शेतकऱ्याला पऱ्हाटी उपटल्यावर पेरायला बहुधा दुसरे काही नसते. जानेवारी-फेब्रुवारीत मिळणारा क्विंटल-दोन क्विंटल फरदडीचा कापूस हाच त्याचा रब्बी हंगाम असतो. त्याने तो सोडला तर त्याच्या शेजाऱ्याचे, तालुक्याचे आणि पुढच्या वर्षी साऱ्या वऱ्हाडाचे पीक वाचते. शेवटच्या वेचणीचे पैसे मात्र त्या एकट्याचे जातात, आणि ते त्याला भरून देण्याची तरतूद अजून कोणत्याही योजनेच्या कागदावर ठळकपणे आलेली दिसत नाही.